जड पाण्यातला हिरवा चहा

भीमेवरील उजनी धरण 1980 साली पूर्ण होऊन यशवंतसागराचे पाणी पसरले आणि कंदर, केत्तूर, कुगाव, वांगी या काठच्या गावांत ऊस-केळीचा अंमल सुरू झाला. त्याच गावांतल्या ज्या घरांत आज कोणाला मधुमेह तर कोणाला वाढत्या वजनाची चिंता आहे, तेथे दूध-साखरेच्या उकळत्या चहाशेजारी हिरव्या चहाची पुडीही येऊन बसली आहे. ज्या गुणासाठी ती विकत घेतली जाते तो गुण कपात उतरेपर्यंत शिल्लक राहतो की नाही, याची खातरजमा मात्र क्वचितच होते. आणि माझ्या मते येथे त्याचा निकाल चहाइतकाच पाण्याच्याही हाती आहे.

काळा आणि हिरवा चहा एकाच झुडपाचा. काळ्यासाठी पाने मळून हवेत ठेवतात, तेव्हा पानातील विकराच्या (एन्झाइमच्या) साहाय्याने कॅटेचिनांचे, म्हणजे ज्या संयुगांच्या गुणासाठी हिरवा चहा घेतला जातो त्यांचे, ऑक्सिडीकरण होऊन रंग गडद होतो. हिरव्यासाठी जपानात वाफ देऊन आणि चीनमध्ये बहुधा तापल्या कढईत परतून ते विकरच निष्प्रभ करतात. 1929 साली मिचियो त्सुजिमुरा या जपानी विदुषीने हिरव्या चहातून कॅटेचिन वेगळे काढले. परंतु विकर नष्ट झाले म्हणून कॅटेचिनांना अभय मिळाले असे नव्हे. ऑक्सिजनशी सहज संयोग पावणे हा तर त्यांचा स्वभाव, आणि त्यापायीच ती अँटिऑक्सिडंट ठरतात. आम्ल द्रवात ती पुष्कळ टिकतात, अल्कधर्मी द्रवात झपाट्याने विघटित होतात.

आता आपले पाणी पाहावे. विहिरी-बोअरच्या ज्या पाण्यात तूरडाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही आणि पातेल्याच्या बुडाशी पांढरे कवच धरते, त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे बायकार्बोनेट विपुल असते; असे पाणी खळाखळा उकळले की कार्बन डायॉक्साइड उडून जातो, सामू (पीएच) चढून पाणी अल्कधर्मी होते, आणि कॅटेचिनांना जे मानवत नाही नेमके तेच पाणी तयार होते. अशा पाण्यातला हिरवा चहा थोडा वेळ तसाच राहू दिला तर त्याचा पिवळसर रंग तपकिरी होत जातो. त्यात कागदी लिंबाची फोड पिळावी, तर पाहता पाहता तो फिकट होतो. रंग परतला म्हणून गेलेले कॅटेचिन परत येते असे मात्र नाही. म्हणून लिंबू पिळायचे ते चहा गाळताक्षणीच.

2007 साली अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात प्रयोगशाळेतल्या कृत्रिम पचनक्रियेतून हिरवा चहा नेला, तेव्हा 20 टक्क्यांहून कमी कॅटेचिने उरली. लिंबाचा रस घातल्यावर सुमारे 80 टक्के टिकली. आतड्यातील द्रवही आम्ल नसतो, त्यामुळे लिंबाची ही तरतूद कपापुरती राहत नाही, पुढेही कामास येते.

शक्य तर शुद्धीकरण यंत्राचे पाणी घ्यावे, उकळी फुटण्याआधीच उतरवावे, पाने दोन-तीन मिनिटेच ठेवावीत आणि सकाळचा चहा थर्मासमध्ये दुपारपर्यंत सांभाळू नये. वैशाखात पत्र्याच्या घरात चुलीवरच्या फळीवर पुडी उघडी राहिली तर ऊन, वाफ आणि हवा तिचा गुण पाण्याआधीच हिरावून नेतात. घट्ट झाकणाचा डबा अंधाऱ्या कोनाड्यात ठेवावा. आणि ज्या बायाबापड्यांच्या अंगात रक्त कमी आहे त्यांनी हा चहा जेवणासोबत घेऊ नये, कारण हीच कॅटेचिने भाजी-भाकरीतले लोह बांधून ठेवतात. जेवणानंतर तास-दीड तास जाऊ द्यावा.