मुरुडची वाट

लातूरजवळच्या मुरुडशी माझी पहिली ओळख रेल्वेमुळे झाली. बार्शी लाइट रेल्वे 1897 मध्ये बार्शीला आली आणि 1911 मध्ये लातूरला पोचली. रुळांमधलं अंतर जेमतेम अडीच फूट. ऐंशीच्या दशकात लातूरला शिकताना सुट्टी लागली की मित्राबरोबर त्याच्या गावी, मुरुडला, याच गाडीने जायचो. एसटी लवकर पोचवायची. पण गप्पांना गाडीच बरी.

पुढे मी नोकरीसाठी पुण्याला आलो, तो शेतीत राहिला. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंपाने किल्लारी हादरली, तेव्हा गावातल्या पोरांना घेऊन तो ढिगारे उपसायला गेला. नंतर आलेल्या आंतरदेशीय पत्रात त्याबद्दल दोनच ओळी होत्या. मग पत्रंही थांबली. 2008 पर्यंत कुर्डुवाडी-लातूर मार्ग ब्रॉडगेज झाला आणि छोटी गाडी इतिहासजमा झाली. एप्रिल 2016 मध्ये, दुष्काळात, मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे निघाली. पहिल्या खेपेला दहा टँकर, सुमारे पाच लाख लिटर पाणी. ती मुरुडवरूनच जाणार हे वाचलं आणि मी त्याचा नंबर शोधून काढला. "पाणी दारावरनं चाललंय रं, पण आपल्या हिरीत थेंब न्हाई," तो म्हणाला. तेव्हापासून फोन कधी तुटला नाही. भेट मात्र राहिलीच होती.

ती 2024 च्या डिसेंबरात झाली. कॅम्पर भाड्याने घेतला: मागे झोपायची फळी, छोटी शेगडी, पाण्याची टाकी. आई, आम्ही दोघं आणि मुलं. तुळजापूर, औशाचा किल्ला, खरोशाची लेणी करत निघालो. खरोशाला जांभ्या दगडात कोरलेले रामायण-महाभारताचे प्रसंग मुलं बोट लावून ओळखत होती. आमच्याखेरीज तिथे कुणी नव्हतं. मला याचं वाईट वाटतं. वेरूळला रांगा लागतात आणि इथे शुकशुकाट. कंधारच्या किल्ल्याचा खंदक आणि नांदेडचा सचखंड गुरुद्वारा पाहून परतलो. आई टाकीचं पाणी तांब्याने मोजून द्यायची. लातूरकर बाईला ते शिकवावं लागत नाही.

मुरुडला पोचलो तो दिवस येळवशीचा, म्हणजे वेळ अमावस्येचा, 30 डिसेंबर. रस्ते ओस, सगळं गाव रानात. ज्वारीच्या उभ्या पिकात कडब्याची कोप, तिच्यात चुन्याने रंगवलेले पाच दगड, म्हणजे पाच पांडव. मित्र बांधावर उभा होता. केस पांढरे, आवाज तोच. "आलास व्हय! बस आधी, जेव." वहिनींनी भज्जी वाढली; तिच्यात हिरवी तूर, हरभरा, वाल, चिंच, बेसन. सोबत बाजरीचे उंडे आणि मातीच्या बिंदग्यातली थंडगार आंबील. माझ्या धाकट्याने आंबील तीनदा मागितली. मित्र आणि मी कोपीमागे बसून छोट्या गाडीची स्टेशनं आठवत राहिलो: हरंगुळ, मुरुड, ढोकी, तेर. किल्लारीचं तो तेव्हा पहिल्यांदा बोलला, आणि बराच वेळ बोलला.

मार्गशीर्षातल्या या अमावस्येला मराठवाड्यात या. लातुरात त्या दिवशी बाजारपेठ बंद असते. जेवण कुणाच्या तरी शेतावरच होईल, हे धरून निघा.