अमोनियाने नमणारे लाकूड

लाकडास बाक द्यावयाचा तर ते वाफेवर धरावे आणि उष्ण आहे तोवरच साच्यात आवळावे, हा कारागिरांचा जुना दस्तूर. परंतु अमेरिकेत सिराक्यूज येथील वनविद्या महाविद्यालयात कॉनराड श्युर्च या रसायनशास्त्रज्ञांनी 1960 च्या दशकात जी रीत सिद्ध केली, तीत हे काम वाफेऐवजी निर्जल अमोनियाकडे सोपविले गेले. उणे 33 अंश सेल्सिअसला उकळणाऱ्या या द्रवात लाकडाची पातळ पट्टी बुडविली, म्हणजे तो सेल्युलोजच्या तंतूंत आणि त्यांना सांधणाऱ्या लिग्निनात शिरून त्यांचे परस्परबंध सैल करतो, आणि मग ती पट्टी नुसत्या हातानेही पिळता वा गुंडाळता येते. अमोनिया उडून गेला की बंध नव्या जागी पुन्हा जुळतात, लाकूड ताठ होते, आणि दिलेला आकार वाफाळलेल्या लाकडापेक्षा अधिक इमानाने राखते. या रीतीचे खरे वैभव मला यातच दिसते. रंग मात्र काळवंडतो. दुकानात मिळणारे अमोनियाचे पाणी या कामी फारसे उपयोगी पडत नाही, कारण त्यात पाण्याचाच अंश अधिक. आणि निर्जल अमोनिया डोळे व फुप्फुसे भाजून काढणारा असल्यामुळे, बंदिस्त पात्राचा आणि हवा खेळती ठेवण्याचा चोख बंदोबस्त जेथे नसेल, तेथे हौशी कारागिरांनी वाफेवरच काम भागवावे.