काचेच्या पेटीतले रान

मुळशी तालुक्यातील लवासा ही वरसगाव धरणाच्या फुगवट्याकाठी वसवलेली डोंगरनगरी. मोसे नदी अडवून झालेल्या या जलाशयाचे पाणी पुढे खडकवासल्याच्या वाटेने पुण्याच्या नळाला येते. अशा ठिकाणी घर असलेल्या हौशी माणसाला दिवाणखान्यात पाणवनस्पतींची काचपेटी मांडावीशी वाटली, तर नवल नाही. वनस्पतींना कर्बवायू, म्हणजे कार्बन डायॉक्साइड, लागतो हे त्याने शाळेत वाचलेले असते. तो नळकांडे आणतो, वायू सोडतो, आणि आठवड्याभरात मासे पृष्ठभागावर येऊन तोंडे वासू लागतात. दोष कुणाचा? बहुधा पाण्याचा स्वभाव न विचारता घाई करण्याचा.

आता हा स्वभाव म्हणजे काय ते पाहू. पावसाचे पाणी हवेतला व मातीतला कर्बवायू घेऊन सह्याद्रीच्या काळ्या पत्थरावर झिरपते, त्याला अगदी सावकाश झिजवते, आणि त्यातून चुना, मॅग्नेशियम व बायकार्बोनेट उचलते. जमिनीखाली वर्षानुवर्षे मुरलेले विंधणविहिरीचे पाणी त्यामुळे बहुधा दुष्फेन, म्हणजे जड असते. त्यात साबणाला फेस येत नाही. धरणात मात्र मुख्यतः त्या वर्षीचा पाऊस साठतो. ते पाणी पुष्कळ सुफेन, त्यातला बायकार्बोनेटचा साठा तुटपुंजा. माणसाला सुफेन पाणी गोड लागते. काचपेटीला तोच साठा आधार असतो, कारण आम्ल वाढू लागले की पहिला धक्का तोच झेलतो.

हा साठा अंशांत मोजतात. त्याची चाचणी माशांच्या दुकानात मिळते, आणि पीएचच्या चाचणीआधी ती घ्यावी. हिशेब सोपा आहे. वनस्पतींचे हौशी लोक लिटरमागे सुमारे 30 मिलिग्रॅम कर्बवायू ठेवू पाहतात. नुसत्या हवेतून पाण्यात टिकतो तो जेमतेम अर्धा मिलिग्रॅम. बायकार्बोनेट 10 अंश असेल तर 30 मिलिग्रॅमला पीएच 7 च्या आसपास राहतो, 4 अंश असेल तर 6.6, आणि 1 अंश असेल तर थेट 6. वायू तितकाच, आकडा निराळा! म्हणून शेजाऱ्याच्या पेटीचा पीएच आपल्या पेटीला लावू नये. पेटीत लाकूड वा सुकी पाने असतील तर त्यांचे आम्लही मोजमापात शिरते आणि वायू आहे त्याहून जास्त भासतो. त्यासाठी काचेची लहान कुपी येते. तिच्यात 4 अंशांचे ठरीव पाणी व ब्रोमोथायमॉल ब्ल्यूचे थेंब असतात. निळा रंग म्हणजे वायू थोडा, हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे माशांवर संकट. ही कुपी तासा-दोन तासांच्या विलंबाने बोलते, एवढे लक्षात ठेवावे.

सुफेन पाण्याची आणखी एक खोडी आहे. माशांच्या मलमूत्रातला अमोनिया पचवणारे जिवाणू हाच बायकार्बोनेट खातात. साठा संपला की पीएच घसरतो, जिवाणू मंदावतात आणि अमोनिया साचतो. मग मालक घाबरून खाण्याचा सोडा टाकतो. हे फार वाईट! आम्ल पाण्यात अमोनिया बहुतांशी अमोनियमच्या निरुपद्रवी रूपात असतो. पीएच एकदम चढला की तोच विषारी होतो. आधी पाणी बदलावे, तेही थोडे थोडे. मग गाळणीत शिंपल्यांची पुरचुंडी ठेवावी. पाणी आम्ल झाले की शिंपले विरघळतात, नसले की स्वस्थ बसतात.

दगडांचीही परीक्षा घ्यावी. पुण्याच्या भोवतालच्या पत्थरात पांढरे स्फटिक सापडतात. ते बहुधा झिओलाइट असतात, पण काही कॅल्साइटही निघतात, आणि शेतातले चुनखडे तर सरळ चुन्याचेच. लिंबाचा रस टाकून पाहावा. फसफसले तर तो दगड पाणी जड करणार.

लवाशातली पुष्कळ घरे शनिवार-रविवारपुरती उघडतात. तिथे साखर-यीस्टची बाटली लावू नये असे माझे मत आहे. ती उन्हाळ्यात धावते, थंडीत झोपते, आणि मुख्य म्हणजे रात्रीही थांबत नाही. अंधारात वनस्पती वायू घेत नाहीत, उलट माशांसारख्याच प्राणवायू ओढतात. नळकांड्याला दिव्याबरोबर चालू-बंद होणारी झडप असली तर गोष्ट वेगळी, तरीही पहिला महिनाभर समोर राहून पाहावे.

खरे तर अशा घराला वायू सोडण्याची गरजच नाही. 1850 साली लंडनचा रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन याने दोन सोनमासे, व्हॅलिस्नेरिया आणि काही गोगलगायी एका पाण्यात ठेवून त्यांचा जम बसल्याचे प्रसिद्ध केले. कुजणारी पाने पाणी बिघडवू लागली तेव्हा गोगलगायींनी ती फस्त केली. नळकांडे नाही, विजेचा पंप नाही. व्हॅलिस्नेरिया आणि हायड्रिला ही गवते आपल्याकडेही वाढतात, आणि दोघांनाही बायकार्बोनेटमधून कर्ब काढून घेता येतो. शेवाळवर्गीय मॉसला ते जमत नाही. हायड्रिला भर दुपारी इतका कर्ब शोषतो की दाट वाढीत पीएच पार वर जातो, पहाटे पुन्हा उतरतो. म्हणून चाचणीच्या वहीत आकड्याशेजारी वेळ लिहावी.

पेटीतली छाटणी मात्र जलाशयात फेकू नये, वाळवून कुंडीत घालावी. दक्षिण अमेरिकेतून आलेली जलपर्णी मुळा-मुठेत कशी माजते, हे पुण्याच्या पुलांवरून उन्हाळ्यात दिसतेच.