हिवाळी पहाटेचे पक्षीनिरीक्षण आणि श्वानाची सोबत

थंडीची चाहूल लागताच मध्य आशिया, सायबेरिया तसेच हिमालयापलीकडील प्रदेशांतून येणाऱ्या पक्ष्यांनी देशातील पाणवठे आणि माळराने गजबजू लागतात. त्यांना पाहण्यासाठी पहाटे बाहेर पडणाऱ्या अनेकांच्या सोबत घरचा कुत्राही असतो. श्वानाची सोबत आणि पक्षीनिरीक्षण या दोन्ही गोष्टी एकत्र साधता येतात काय? याचे उत्तर होकारार्थी आहे. मात्र त्यासाठी जागा, वेळ आणि गळ्यातील पट्टा या तीन बाबींचे भान आवश्यक ठरते.

पहाटेचे महत्त्व

हिवाळ्यातील रात्र मोठी असते. शरीराचे तापमान टिकविण्यासाठी लहान पक्ष्यांना साठविलेली चरबी रात्रभर खर्च करावी लागते. त्यामुळे सूर्योदयानंतरच्या पहिल्या एक-दोन तासांत ते खाद्य शोधण्यात गढून गेलेले असतात. याच सुमारास शेताच्या बांधावर गप्पीदास व थरथऱ्या, पाण्याकाठी धोबी व तुतवार, तर बाभळीच्या शेंड्यावर खाटिक सहज नजरेस पडतात. गरुडासारखे मोठे शिकारी पक्षी ऊन तापून हवेचे ऊर्ध्वगामी प्रवाह सुरू होईपर्यंत झाडावरच बसून राहतात. त्यामुळे त्यांनाही निवांतपणे न्याहाळता येते.

निरीक्षकासाठी सोयीची असलेली ही वेळ पक्ष्यांसाठी मात्र सर्वाधिक मोलाची असते. दचकून घेतलेल्या प्रत्येक भरारीत शक्ती खर्च होते आणि खाण्याचा वेळही वाया जातो.

पक्ष्यांच्या नजरेतून श्वान

आपला कुत्रा कितीही सौम्य स्वभावाचा असला, तरी पक्ष्यांच्या दृष्टीने तो लांडग्या-कोल्ह्यांच्या कुळातील शिकारी प्राणीच असतो. पायवाटेने सरळ चालणाऱ्या माणसाच्या हालचालींचा पक्ष्यांना अंदाज येतो. वास घेत इकडेतिकडे वळणाऱ्या कुत्र्याच्या बाबतीत तसा अंदाज बांधता येत नाही.

ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २००७ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास या संदर्भात महत्त्वाचा आहे. सिडनीनजीकच्या वनक्षेत्रांतील पायवाटांवर, पट्ट्याने बांधलेल्या कुत्र्यासह माणूस चालत गेल्यानंतर तेथे आढळणाऱ्या पक्षिप्रजातींची संख्या ३५ टक्क्यांनी, तर एकूण पक्ष्यांची संख्या ४१ टक्क्यांनी घटल्याचे दिसून आले. कुत्र्याशिवाय चालणाऱ्या माणसांमुळे होणारा व्यत्यय साधारणतः याच्या निम्म्याहूनही कमी होता. जेथे कुत्र्यांना नेहमी फिरविले जात असे, तेथील पक्षीही त्यांना सरावलेले नव्हते. जमिनीवर वावरणाऱ्या पक्ष्यांवर याचा विशेष परिणाम झाला.

माळरानावरील विशेष दक्षता

भारतीय माळरानांच्या बाबतीत हा मुद्दा अधिक गंभीर ठरतो. चंडोल, लावा, तित्तर आणि करवानक हे पक्षी जमिनीवरच वावरतात. हिवाळी पाहुण्यांपैकी भोवत्या हा शिकारी पक्षी तर झाडावर नव्हे, उंच गवतात थव्याने जमिनीवर रात्र काढतो. गुजरातमधील भावनगरनजीकचे वेळावदर राष्ट्रीय उद्यान भोवत्यांच्या अशा रात्रनिवाऱ्यासाठी प्रसिद्ध आहे. उजाडण्यापूर्वी अशा गवतात मोकळा सोडलेला कुत्रा संपूर्ण थव्याला अंधारातच उठवू शकतो. म्हणून गवताळ माळावर श्वानासह जायचे असल्यास चांगले उजाडल्यानंतर आणि केवळ मळलेल्या वाटेनेच जाणे इष्ट होय.

आजार आणि बिबट्या

कुत्र्यांमधील काही आजार वन्यप्राण्यांनाही होतात. गीरच्या जंगलात २०१८ साली सिंहांचे लागोपाठ मृत्यू झाले. त्यानंतरच्या तपासणीत काही सिंहांमध्ये कॅनाइन डिस्टेंपर हा विषाणू आढळला होता. कुत्र्यांना या आजाराची, तसेच रेबीजची प्रतिबंधक लस देता येते. लसीकरण पूर्ण झाल्याशिवाय कुत्र्याला रानात नेऊ नये.

धोका कुत्र्यालाही असतो. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील अकोले परिसरात बिबट्यांच्या विष्ठेच्या तपासणीवर आधारित एक अभ्यास झाला होता. बिबट्यांच्या आहारात वजनाच्या हिशेबाने सुमारे ३९ टक्के वाटा पाळीव व भटक्या कुत्र्यांचा असल्याचे त्यातून स्पष्ट झाले. बिबट्याचा वावर असलेल्या भागात झुंजुमुंजू होताना कुत्र्याला सोबत नेणे टाळावे.

कायदा आणि पथ्ये

राष्ट्रीय उद्याने आणि अभयारण्यांत पाळीव कुत्रे नेण्यास सर्वसाधारणपणे मज्जाव असतो. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधील शिकारीच्या व्याख्येत केवळ ठार मारण्याचाच नव्हे, तर वन्यप्राण्याचा पाठलाग करणे व त्याला हुसकावणे यांचाही अंतर्भाव आहे. त्यामुळे सशामागे कुत्रा सोडणे हा गमतीचा विषय नाही.

कालव्याची वाट, शेतरस्ता, गावालगतची आमराई किंवा शहराच्या कडेचा वृक्षाच्छादित रस्ता या जागा श्वानासह भटकंतीसाठी योग्य होत. बदकांचे थवे उतरलेला जलाशयाचा काठ मात्र टाळावा. पट्टा आखूड असावा. तो कमरेला बांधल्यास दुर्बीण धरण्यासाठी दोन्ही हात मोकळे राहतात. परंतु कुत्रा दांडगा असल्यास पट्टा हातातच ठेवणे सुरक्षित ठरते. घराबाहेर पडताच त्याला प्रथम वस्तीतच भरपूर चालवावे, म्हणजे पुढे तो शांत राहतो. एखादे फुललेले झाड किंवा झुडपांची रांग दिसल्यास थोडे दूर थांबून त्याला खाली बसवावे आणि काही मिनिटे हालचाल करू नये. उडालेले पक्षी पुन्हा येऊ लागतात.

अशा वेळी श्वानाकडेही लक्ष असू द्यावे. त्याचे कान आणि नाक माणसाहून कितीतरी तीक्ष्ण असतात. कान टवकारून तो ज्या दिशेला स्थिर नजरेने पाहतो, तेथे पाचोळ्यात दाणे टिपणारा तित्तर किंवा झुडपाआड दबकलेले मुंगूस असण्याचा संभव असतो. पट्ट्याला हिसका न देता, आवाज न करता दुर्बीण त्या दिशेला वळवावी.