आरशाची बैठक : काही गैरसमज

घरच्या घरी परावर्तक दुर्बीण सिद्ध करू पाहणारा हौशी मनुष्य आरसा घासण्यात महिनेच्या महिने घालवतो आणि तो बसविण्याच्या तजविजीला मात्र एखादी दुपार पुरेशी मानतो; याच्या मुळाशी, काच वाकत नाही, ही समजूत असते. वस्तुस्थिती अशी की, आरशाच्या पृष्ठभागातील दोष परावर्तनामुळे दुप्पट होऊन प्रतिमेत उतरतो, म्हणून हिरव्या प्रकाशाच्या तरंगलांबीचा अष्टमांश, म्हणजे मिलिमीटरचा सुमारे चौदा हजारावा भाग, एवढीच चूक तेथे खपते. आणि इतकी तर काच स्वतःच्या भारानेही वाकू शकते. जाडी तीच ठेवून व्यास दुप्पट केला, तर हे वाकणे सोळापट होते.

याहून घातक समजूत म्हणजे स्थैर्य आवळण्यात आहे ही. कडेच्या पकडी घट्ट केल्या जातात, ताऱ्याचा बिंदू तिकोनी दिसू लागतो आणि ठपका घासणाऱ्यावर येतो. वास्तविक पकडींचा अखत्यार आरसा पुढे कलंडू न देण्यापुरताच असून, त्यांच्या व काचेच्या मध्ये जाड कागदाएवढी फट राहिलीच पाहिजे. अ‍ॅल्युमिनियम बोरोसिलिकेट काचेच्या सुमारे सातपट आकुंचन पावते, हे ध्यानी घेतले म्हणजे सायंकाळी तंतोतंत बसलेले कडे मध्यरात्रीच्या थंडीत काचेला का चिमटते, याचा उलगडा होतो.

भार तोलावयाचा तो मागील तीन बिंदूंनी, कारण चौथा अचल बिंदू जोडला की एक तरी अधांतरी राहतो किंवा काचेला पीळ पडतो. मग मोठ्या आरशांना नऊ किंवा अठरा आधार का, अशी शंका रास्त आहे. तिचे उत्तर डब्लिनचे टॉमस ग्रब यांनी १८३५ साली आर्मा वेधशाळेच्या दुर्बिणीत दिले होते: आधार कितीही असोत, ते तोललेल्या तरफांवर ठेवावेत, म्हणजे भार आपोआप वाटला जातो. लॉर्ड रॉस यांनी १८४५ मध्ये पार्सन्सटाउन येथे उभारलेल्या ७२ इंची दुर्बिणीचा सुमारे तीन टनांचा धातूचा आरसा याच युक्तीने सत्तावीस आधारांवर विसावला होता.

लहान आरशाचे तीन बिंदू त्रिज्येच्या सात-दशांशावर ठेवण्याचा जुना शिरस्ता आहे; परंतु नेत्रिका सरकवून प्रतिमा पुन्हा स्पष्ट करता येते हे हिशेबात धरले, तर सुमारे चार-दशांश ही जागा अधिक इष्ट ठरते. बैठक धातूचीच हवी हाही निव्वळ भ्रम. जॉन डॉब्सन यांच्या प्लायवूडच्या दुर्बिणींनी तो केव्हाच दूर केला आहे. पाठ मात्र उघडी ठेवावी, कारण तप्त आरसा लवकर निवावा लागतो.

प्रतिमा बिघडली तर दोष कोणाचा, हे ठरविण्याचा उपाय सोपा आहे: आरसा बैठकीतल्या बैठकीत चतुर्थांश फिरवावा. विकृती आरशाबरोबर फिरली तर काच पुन्हा घासावयास घ्यावी; जागची हलली नाही, तर प्रथम बैठक तपासावी.