हेरांचे साहेब – लेखांक ७ : मुंबईनं पाहिलेला ‘एम’

पडद्यावर जेम्स बाँडचा साहेब ‘एम’ झालेल्या ज्यूडी डेंच या आठवड्यात या मालेत येणार होत्या. तसं मी छातीठोकपणे लिहूनही बसलो होतो. पण मंगळवारी रत्नागिरीहून एक पोस्टकार्ड आलं आणि बाईंना आणखी सात दिवस ताटकळत ठेवणं भाग पडलं.

कार्डावर चार-पाचच ओळी. ‘बाँडकर्त्या इयन फ्लेमिंगचा वरिष्ठ म्हणून ज्या गॉडफ्रीचं नाव तुम्ही ओझरतं घेतलंत, तो आमचा ४६ सालचा गॉडफ्री तर नव्हे? वडील ‘तलवार’वर तारायंत्री होते. घरात कुणी फार दमदाटी करायला लागलं की म्हणायचे, पुरे झाली तुझी गॉडफ्रीगिरी.’

तोच तो. आधीच्या लेखांकात हिरव्या शाईत सही करणारा हेरखात्याचा प्रमुख ‘सी’ आणि त्याचा लाकडी पाय रंगवण्याच्या नादात मी या माणसाला एका वाक्यात उरकलं, ही चूक माझीच. तेव्हा आज फक्त तो.

जॉन गॉडफ्री १९३९ च्या सुरुवातीला ब्रिटिश नौदलाच्या गुप्तवार्ता विभागाचा प्रमुख झाला. त्याला हाताशी एक चलाख माणूस हवा होता. त्यानं मे महिन्यात तिशीतल्या एका शेअर दलालाला कार्लटन ग्रिलमध्ये जेवायला बोलावून पारखलं आणि ठेवून घेतलं. अ‍ॅडमिरल्टीतल्या ३९ नंबरच्या खोलीत फ्लेमिंगचं टेबल, शेजारी ३८ मध्ये साहेब. गॉडफ्री बुद्धीनं तल्लख आणि मिजाशीनं तापट. इतर खात्यांचे लोक त्याच्यासमोर उभं राहायला कचरायचे. फ्लेमिंगला मात्र त्याची भीड नव्हती, म्हणून निरोप्यापासून मध्यस्थापर्यंत सगळी कामं त्याच्या गळ्यात. २९ सप्टेंबर १९३९ चं शत्रूला चकवण्याच्या युक्त्यांचं ते प्रसिद्ध टिपण गॉडफ्रीच्या नावानं निघालं, पण त्यात हात फ्लेमिंगचा असल्याचं मानतात. टिपणातली २८ वी युक्ती होती प्रेताच्या खिशात खोटे कागद घालून ते शत्रूच्या हाती लागू देण्याची. १९४३ मध्ये स्पेनच्या किनाऱ्यावर ती खरंच वापरली गेली. तो मोठा किस्सा आहे, पण आज नको. नाहीतर कार्डवाले गृहस्थ पुन्हा लिहितील.

एस्तोरिल मात्र सांगायलाच हवं. मे १९४१ मध्ये दोघं लिस्बनमार्गे अमेरिकेला निघाले होते. वाटेत पोर्तुगालमधल्या एस्तोरिलच्या कॅसिनोत फ्लेमिंग जुगाराच्या टेबलाशी बसला. समोरचे खेळाडू जर्मन हस्तक आहेत, यांना नागवं करून सोडायचं, असं त्यानं मनाशी घेतलं आणि स्वतःच हरून उठला. पुढे त्यानं ही गोष्ट रंगवून सांगितली, आणि ‘कसिनो रोयाल’ या पहिल्याच कादंबरीत (१९५३) तिचं सोनं केलं. गॉडफ्रीची आठवण वेगळी होती. त्याच्या मते त्या कंटाळवाण्या रात्री टेबलाशी पोर्तुगीज व्यापारी बसले होते, बस्स. मला या प्रसंगात आख्खा बाँड दिसतो. हाताखालचा माणूस कल्पनेचे पतंग उडवतोय आणि शेजारी साहेब ढिम्म.

पुस्तकातला ‘एम’ तसाच आहे. थंड राखाडी डोळे, तोंडात पाइप, दारावर लाल दिवा. दिवा लागलेला असताना आत जायची कुणाची छाती नाही. आता ‘ऑन हर मॅजेस्टीज सीक्रेट सर्व्हिस’ (१९६३) काढा. ‘एम’चं घर विंडसरच्या जंगलाच्या कडेला, नाव ‘क्वार्टरडेक’. दारावर विजेची घंटा नाही. ‘रिपल्स’ नावाच्या एका जुन्या युद्धनौकेची पितळी घंटा टांगलेली, तिचा लोळ हलवायचा. त्याच नावाची पुढची नौका म्हणजे ‘एम’ची समुद्रावरची शेवटची नेमणूक, असं फ्लेमिंग जाता जाता सांगून जातो. गॉडफ्रीची, गुप्तवार्ता विभागात येण्याआधीची शेवटची बोट? ‘रिपल्स’. फ्लेमिंगनं साहेबाच्या दारावर साहेबाचीच घंटा बांधली. ब्रिटिश हेरखात्यातल्या मॅक्सवेल नाइटला तिथं ‘एम’ म्हणत, फ्लेमिंग स्वतःच्या आईला ‘एम’ म्हणे, या गोष्टी खऱ्या आहेत आणि अक्षर कदाचित तिथून आलं असेल. पण माणूस या घंटेपाशी राहतो.

आता मुंबई. १९४२ मध्ये लंडनच्या समित्यांमध्ये खटके उडाले आणि गॉडफ्रीला विभागातून हलवलं गेलं. १९४३ पासून तो रॉयल इंडियन नेव्हीचा प्रमुख, कचेरी दिल्लीत. १८ फेब्रुवारी १९४६ ला कुलाब्याच्या ‘तलवार’वर, म्हणजे तारायंत्र्यांच्या प्रशिक्षण ठाण्यावर, खलाशांनी जेवणाच्या ताटाला हात लावला नाही. निकृष्ट जेवण आणि कमांडरच्या शिव्या, हे निमित्त. सुमारे ७८ जहाजं, २० ठाणी आणि २०,००० खलाशी बघता बघता उठले. बोटींवर काँग्रेसचे, लीगचे आणि लाल असे तिन्ही झेंडे शेजारी शेजारी चढले. २१ तारखेला कॅसल बॅरॅक्समध्ये गोळ्या चालल्या. आज त्या जागेला ‘आयएनएस आंग्रे’ म्हणतात; कान्होजींचं नाव तिथं असणं मला फार योग्य वाटतं. आणि त्याच दिवशी आकाशवाणीवरून गॉडफ्री बोलला. सरकारजवळ प्रचंड बळ आहे, ते पुरेपूर वापरलं जाईल, त्यात सगळं नौदल नष्ट झालं तरी बेहत्तर. बंदरावरून विमानं घिरट्या घालून गेली.

मुंबईनं काय केलं? लोक अपोलो बंदरावर खाण्याची पुडकी घेऊन गेले. २२ ला शहर बंद, गिरण्या बंद. रस्त्यांवर गोळीबार, दोनशेहून अधिक माणसं मेली. त्यांतच परळला कमल दोंदे गेल्या. वल्लभभाईंच्या सांगण्यावरून २३ ला खलाशांनी शस्त्रं खाली ठेवली. रत्नागिरीकरांच्या वडिलांना रेडिओवरचा तो आवाज जन्मभर पुरला.

महिनाभरानं गॉडफ्रीच्या जागी दुसरा अ‍ॅडमिरल आला, सर जेफ्री माइल्स. हे नाव लक्षात ठेवा. फ्लेमिंगनं बारा वर्षं ‘एम’चं पूर्ण नाव झाकून ठेवलं होतं. त्याच्या मृत्यूनंतर १९६५ मध्ये आलेल्या ‘द मॅन विथ द गोल्डन गन’मध्ये ते फुटलं : अ‍ॅडमिरल सर माइल्स मेसर्व्ही. आणि हिंदी लष्करात ब्रह्मदेशापर्यंत लढलेला, १९४७ ला पाकिस्तानी लष्कराचा पहिला सरसेनापती झालेला जनरल कोण? सर फ्रँक मेसर्व्ही. याला पुरावा म्हणू नका, माझा चाळा म्हणा. फोर्टच्या फुटपाथवर घेतलेल्या माझ्या प्रतीत त्या पानाच्या कडेला मी पेन्सिलीनं ‘माइल्स + मेसर्व्ही?’ असं लिहून ठेवलंय, त्यालाही तीस वर्षं झाली.

गॉडफ्रीला हा सन्मान मुळीच रुचला नाही. फ्लेमिंगनं मला तो अप्रिय ‘एम’ करून टाकलं, अशी त्याची कुरकुर होती. तो १९७० च्या दशकाच्या तोंडापर्यंत जगला. म्हणजे पडद्यावर ‘एम’ झालेल्या बर्नार्ड लीचे सहा चित्रपट त्याच्या हयातीत आले.

लीबद्दल मात्र आजच चार ओळी, कारण या निवडीचं पुरेसं कौतुक होत नाही. १९६२ च्या ‘डॉक्टर नो’मध्ये त्याला घेतलं तेव्हा तो चोपन्नचा, म्हणजे फ्लेमिंगच्याच वयाचा, दोघंही १९०८ चे. नट म्हणून ओळख पोलीस, सार्जंट अशा कामांची. ‘द थर्ड मॅन’मधला (१९४९) सार्जंट पेन आठवा : स्वस्त काऊबॉय कादंबऱ्यांच्या लेखकाला आधी ठोसा लावून पाडतो, मग तुमची पुस्तकं वाचलीत म्हणून कौतुकानं सांगतो. असा माणूस गादी मढवलेल्या दारामागे बसवला. त्यानं काय केलं? पहिल्याच प्रसंगात बाँडचं बेरेटा पिस्तूल काढून घेतलं आणि वॉल्थर हातात दिलं. बाँड जाता जाता जुनं पिस्तूल लपवून न्यायला बघतो. साहेब मान वर न करता ते ठेवून जायला सांगतो. आवाज चढत नाही. हेडमास्तरांनी खिशातल्या गोट्या काढून घ्याव्यात तसं. गॉडफ्रीची धमकी लीनं त्या पात्रातून जवळजवळ पुसून टाकली आणि थकवा ठेवला. पडद्यावरच्या ‘एम’वर लोकांनी जीव लावला तो त्या थकव्यामुळे, असं माझं मत; वाचक भांडायला मोकळे आहेत.

अकरा चित्रपटांनंतर जानेवारी १९८१ मध्ये ली गेला. ‘फॉर युअर आइज ओन्ली’चं काम तेव्हा चालू होतं. निर्मात्यांनी घाईनं दुसरा नट उभा केला नाही. ‘एम’चे संवाद चीफ ऑफ स्टाफ टॅनर आणि मंत्रिमहोदयांत वाटून टाकले, आणि साहेब कुठे आहेत याचं उत्तर चित्रपटात एवढंच : रजेवर.

दोन वर्षांनी ‘ऑक्टोपसी’त रॉबर्ट ब्राउन त्या खुर्चीत बसला. १९७७ च्या बाँडपटात तोच अ‍ॅडमिरल हार्ग्रीव्हज होता, मग हा ‘एम’ म्हणजे बढती मिळालेला हार्ग्रीव्हज की वेगळा कुणी, यावर माझ्याकडे आधीच तीन पत्रं पडून आहेत. ती पुढच्या मंगळवारी. डेंचबाई त्यानंतर.