तोतरेपणाचे उपचार संपले, हें कोणीं ठरवावें?

घरांतील मुलगा बोलतांना अडखळूं लागला म्हणजे त्यास वाक्चिकित्सकाकडे केव्हां न्यावें, हें वडीलधारीं माणसें ठरवितात. आणि उपचार केव्हां थांबवावे, हेंहि बहुधा तींच ठरवितात. ज्याची वाणी अडते त्यास मात्र कोणी विचारीत नाहीं. ही रीत सदोष कां, तें पाहूं.

तोतरेपणाचा थोडा भाग कानांस ऐकूं येतो, पुष्कळसा मनांत दडलेला असतो. स्वतः तोतरे असलेले अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जोसेफ शीहान यांनीं त्यास हिमनगाची उपमा दिली आहे. भीति, लाज व टाळाटाळ हा पाण्याखालील भागच मोठा. ‘दूध’ हा शब्द अडेल या धास्तीनें जो ‘चहा’ मागतो, त्याचें बोलणें अस्खलित वाटेल. परंतु तो बरा झाला असें कसें म्हणावें? नुसतीं अडखळलेलीं अक्षरें मोजून हें कळत नाहीं. त्यासच विचारावें लागतें. याच हेतूनें यारस व क्वेसल या संशोधकांनीं २००६ सालीं एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. तींत बोलणाराच आपला अनुभव नोंदवितो.

याच्या उलट, किंचित् अडखळत असूनहि जो वर्गांत निःशंकपणें उत्तर देतो, त्यास ‘वाणी अजून स्वच्छ नाहीं’ म्हणून वर्षानुवर्षें उपचारांस जुंपणें हा अन्यायच होय.

‘लहान मुलास विचारून काय कळणार?’ अशी शंका कोणी घेईल. तेथें आईबापांची साक्ष कामीं येते. ऑस्ट्रेलियांत सिडनी येथें सिद्ध झालेल्या लिडकंब पद्धतींत सहा वर्षांखालील मुलांवर आईबापच चिकित्सकाच्या देखरेखीखालीं घरीं उपचार करितात, आणि तोतरेपणाची तीव्रता रोज ० ते ९ या मापानें टिपून ठेवितात. तोतरेपणा जवळजवळ नाहींसा झाला तरी उपचार एकदम थांबत नाहींत. भेटींमधील अंतर हळूहळू वाढवीत नेतात, व दोष पुन्हां दिसल्यास तें कमी करितात.

मोठ्या माणसांत तर हा दोष पुनः डोकें वर काढण्याचा संभव बराच असतो. म्हणून पहिल्याच भेटींत ‘तुला काय साधावयाचें आहे?’ असें विचारावें, आणि निरोप घेतांना परत येण्याचें दार उघडें ठेवावें. केवळ कंटाळ्यानें कोणी थांबूं म्हणेल, तर चिकित्सकानें आपलें मत स्पष्ट सांगावें. परंतु निर्णय दोघांनीं मिळून घ्यावा. ज्यास आपण बोलावयास शिकवितों, त्याचें बोलणें ऐकूनहि घेतलें पाहिजे.